तीन टप्प्यांची शेड, एकच मॉडेल: स्टील डिटेलिंगमधील पार्ट व असेंब्ली नंबरिंगचा प्रकरण अभ्यास

या अभ्यासासाठी घेतलेली इमारत म्हणजे एक औद्योगिक शेड आहे. तिची लांबी ५४ मीटर आणि रुंदी २० मीटर आहे, सहा-सहा मीटरवर दहा पोर्टल फ्रेम (दोन कॉलम आणि वर दोन उतरते राफ्टर यांचे सांगाडे) आहेत, आत १० टनी ईओटी (विजेवर चालणारी ओव्हरहेड) क्रेन आहे आणि एका टोकाला कंट्रोल रूमसाठी मेझनाइन मजला, जिना व रेलिंग आहे. पुण्यातील डिटेलिंग कार्यालय (स्टीलच्या प्रत्येक तुकड्याची ड्रॉइंग काढणारे) आणि एमआयडीसीतील मध्यम आकाराचा फॅब्रिकेटर (स्टील कापून-जोडून देणारा कारखानदार) यांच्यात अशा कामांमध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहतात ते एकत्र दिसावेत म्हणून ही इमारत प्रातिनिधिक म्हणून घेतली आहे आणि तिचे आकडेही त्याच हेतूने ठरवले आहेत. सॉफ्टवेअरचे वर्तन मात्र टेक्ला स्ट्रक्चर्समध्ये (इमारतीचे त्रिमितीय मॉडेल करून त्यावरून ड्रॉइंग व याद्या काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) जसे आहे तसेच सांगितले आहे.

काम तीन टप्प्यांत विभागलेले होते. पहिल्या टप्प्यात कॉलम, क्रेन ब्रॅकेट व क्रेन गर्डर, दुसऱ्यात राफ्टर, पर्लिन (छताच्या पत्र्याखालचे आडवे दांडे) व ब्रेसिंग (फ्रेम स्थिर ठेवणारे तिरके दांडे) आणि तिसऱ्यात मेझनाइन, जिना व गॅल्व्हनाइझ केलेले रेलिंग होते. पहिल्या टप्प्याची ड्रॉइंग शॉपला, म्हणजे फॅब्रिकेटरच्या कारखान्यात, गेल्यावर तिसऱ्या टप्प्याचे डिझाइन अजून सल्लागाराच्या टेबलावरच असणार, हे सुरुवातीपासून सर्वांना माहीत होते. चार मॉडेलर एकाच मल्टी-युजर मॉडेलमध्ये काम करणार होते. नंबरिंगचे सगळे निर्णय या दोन गोष्टींच्या चौकटीत घ्यावे लागले.

सॉफ्टवेअर दोन पातळ्यांवर नंबर देते. प्रत्येक सुट्या तुकड्याला, म्हणजे कापलेल्या प्लेटला, अँगलला किंवा बीमला पार्ट मार्क मिळतो, तर वेल्डिंग होऊन शॉपमधून एकसंध बाहेर पडणाऱ्या वस्तूला असेंब्ली मार्क मिळतो. दोन्ही मार्क प्रीफिक्स आणि सुरुवातीचा क्रमांक यांच्या जोडीतून, म्हणजे सिरीजमधून तयार होतात आणि ही सिरीज पार्टच्या प्रॉपर्टीमध्ये भरलेली असते. एकाच सिरीजमधील दोन वस्तू सारख्या निघाल्या तर सॉफ्टवेअर त्यांना एकच नंबर देते आणि सिरीज वेगळी असेल तर त्या हुबेहूब असूनही नंबर वेगळे पडतात. पार्ट मार्क कटिंग, ड्रिलिंग व फिट-अप (वेल्डिंगपूर्वी तुकडे जुळवणे) करणारे वापरतात, तर असेंब्ली मार्क पेंटिंग, डिस्पॅच आणि साइटवरचे इरेक्शन (उभारणी) करणारे वापरतात. हे दोन वेगळे वाचक आहेत आणि त्यांच्या गरजा बऱ्याचदा परस्परविरोधी असतात, ही गोष्ट सेटिंगची खिडकी उघडण्यापूर्वीच ध्यानात घेतली पाहिजे.

नंबरिंगमध्ये दोनच प्रकारच्या चुका होतात. एकाच वस्तूला दोन नंबर पडणे ही पहिली आणि दोन वेगळ्या वस्तूंना एकच नंबर पडणे ही दुसरी. पहिलीमुळे एखादे ड्रॉइंग जास्तीचे निघते, यादी लांबते आणि शॉपमधला सुपरवायझर कुरकुरतो. दुसरीमुळे चुकीचे स्टील साइटवर पोहोचते आणि ते बहुधा क्रेनला लटकलेले असतानाच लक्षात येते. या दोन चुकांची किंमत मुळीच सारखी नसल्यामुळे, जिथे निःसंदिग्ध उत्तर नव्हते तिथे प्रत्येक सेटिंग पहिल्या चुकीकडे झुकते ठेवायचे, असे या कामात ठरले. ड्रॉइंग बाहेर जाण्याआधी मात्र हा झुकाव सैल ठेवता येतो, कारण तोपर्यंत काहीही कापलेले नसते आणि जितक्या वस्तू एका नंबराखाली येतील तितके ते सर्वांच्याच सोयीचे असते.

सिरीजची आखणी

फॅब्रिकेटरच्या मागण्या थोड्या, पण नेमक्या होत्या. प्लेटवर मार्क पंचाने ठोकला जातो, म्हणून तो आखूड हवा. मार्कमध्ये तिरकी रेघ नको, कारण ड्रिलिंग मशीनकडे जाणाऱ्या डीएसटीव्ही स्वरूपाच्या फाइलींना पार्ट मार्कचेच नाव दिले जाते आणि विंडोजच्या फाइलनावात तिरकी रेघ चालत नाही. ‘आय’ आणि ‘ओ’ ही इंग्रजी अक्षरे नकोत, कारण पंचाच्या ठशात ती एक आणि शून्य यांच्यासारखी दिसतात. माल टप्प्यानुसार पाठवायचा असल्यामुळे असेंब्ली मार्क पाहताच टप्पा कळावा, अशीही त्याची अपेक्षा होती.

सॉफ्टवेअर आपणहून प्रीफिक्स आणि क्रमांक यांच्यामध्ये तिरकी रेघ टाकते. ती ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधील पोझिशन नंबर फॉरमॅट स्ट्रिंग बदलून काढता येते आणि हा बदल पहिले ड्रॉइंग तयार होण्यापूर्वीच करून टाकणे श्रेयस्कर असते. टप्प्याचा प्रश्न मात्र इतका सरळ नव्हता. सुरुवातीचा प्रस्ताव असा होता की प्रीफिक्स सर्व टप्प्यांसाठी एकच ठेवावा आणि सुरुवातीचे क्रमांक १०१, २०१, ३०१ असे द्यावेत, म्हणजे शतकाच्या आकड्यावरून टप्पा कळेल. ही पद्धत दिसायला सुबक आहे आणि अनेक कार्यालयांत रूढही आहे. तिच्यात प्रत्येक सिरीजला शंभरच जागा मिळतात. जिन्याच्या उतारावरचे रेलिंग, त्याचे कोपरे आणि छोटे ब्रॅकेट यांचे तुकडे क्वचितच एकमेकांसारखे निघतात, म्हणून तिथे शंभराची मर्यादा पाहता पाहता ओलांडली जाते. एक सिरीज वाढत जाऊन दुसरीच्या हद्दीत शिरली तर दोन वेगळ्या वस्तूंना एकच नंबर पडू शकतो. सॉफ्टवेअर अशा वेळी इशारा देते आणि नंबरिंगच्या लॉग फाइलमध्ये नोंदही करते, पण डेडलाइनच्या संध्याकाळी तो इशारा वाचला जाईलच याची खात्री कुणी द्यावी?

म्हणून टप्पा क्रमांकात न ठेवता प्रीफिक्समध्ये ठेवला आणि मोजणी प्रत्येक वेळी एकपासून सुरू केली. पहिल्या टप्प्याचे कॉलम १सी१, १सी२ असे, क्रेन गर्डर १सीजी१ असे, दुसऱ्या टप्प्याचे राफ्टर २आर१ असे आणि तिसऱ्यातील मेझनाइनचे बीम ३बी१ असे ठरले. प्रीफिक्सच वेगळे असल्यामुळे सिरीज एकमेकींवर चढण्याची शक्यता मुळातच राहिली नाही आणि मार्कही आखूड राहिला.

पार्ट मार्कमध्ये टप्पा घालायचा नाही, असा दुसरा निर्णय झाला आणि त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. असेंब्ली टप्प्यानुसार पाठवल्या जातात, प्लेटी मात्र नेस्टिंगच्या (एका शीटवर अनेक तुकडे दाटीने मांडण्याच्या) सोयीने कापल्या जातात. पहिल्या टप्प्यातील स्टिफनर (मजबुतीसाठी वेल्ड केलेली छोटी प्लेट) आणि तिसऱ्या टप्प्यातील स्टिफनर हुबेहूब असतील तर फॅब्रिकेटरला ते एका शीटमधून, एकाच फाइलने कापायचे असतात. म्हणून सर्व प्लेटींना ‘पी’, सेक्शन व अँगलना ‘एम’ आणि गॅल्व्हनाइझ होणाऱ्या तुकड्यांना ‘जी’ एवढेच प्रीफिक्स ठेवले. गॅल्व्हनाइझच्या तुकड्यांना वेगळी सिरीज देण्याचे कारण असे की तीच प्लेट पेंटच्या कामातही वापरली गेली असती तर दोन्हींचा मार्क एकच पडला असता आणि ती कोणत्या गाडीत चढवायची हे मार्कवरून कळले नसते. शिवाय गॅल्व्हनायझिंगपूर्वीच्या ॲसिडच्या टाकीत रंगाने लिहिलेला मार्क टिकत नाही, म्हणून त्या मालावर खोल पंच किंवा धातूचा टॅग लागतो. फिटरला ते ‘जी’ पाहूनच समजावे, असा हेतू होता.

या निर्णयाची एक किंमत आधीच मान्य करून टाकली होती. पार्ट मार्क टप्प्यांमध्ये सामाईक असला की दुसऱ्या टप्प्याचे मॉडेलिंग झाल्यावर पहिल्या टप्प्यातील प्लेटची एकूण संख्या वाढते आणि सॉफ्टवेअर त्या प्लेटचे आधीच बाहेर गेलेले ड्रॉइंग ‘संख्या बदलली’ म्हणून दाखवू लागते. प्लेट तीच असते, ड्रॉइंगही तेच असते, बदलतो तो फक्त कोपऱ्यातला एक आकडा. त्यासाठी रिव्हिजन काढत बसणे हा शुद्ध कागदी व्याप झाला असता. तेव्हा सिंगल पार्ट ड्रॉइंगवर संख्या छापायचीच नाही, ती त्या त्या टप्प्याच्या यादीत द्यायची आणि कटिंगचा हिशेब यादीवरूनच करायचा, असे फॅब्रिकेटरशी बोलून लेखी ठरवले.

वेल्ड न लागलेल्या प्लेटी पकडण्याचा सापळा

असेंब्लीचा मार्क तिच्या मेन पार्टच्या (ज्याला बाकीचे तुकडे वेल्ड होतात त्या मुख्य तुकड्याच्या) प्रॉपर्टीतून येतो आणि बाकीच्या दुय्यम पार्टांमध्ये असेंब्ली सिरीज म्हणून काय भरले आहे याला तोवर काही महत्त्व नसते. हा नियम बहुतेक जण शिकतात आणि म्हणूनच प्लेटींच्या असेंब्ली प्रीफिक्सकडे कुणी पाहत नाही. मॉडेलरने एखाद्या गसेटला (जोडणीच्या प्लेटला) वेल्ड द्यायचे राहून गेले तर ती प्लेट स्वतःच एका तुकड्याची असेंब्ली बनते आणि त्या दुर्लक्षित प्रीफिक्समधून तिला असेंब्ली मार्क मिळतो. तो प्रीफिक्स बीमच्या प्रीफिक्ससारखाच असेल तर अशी अनाथ प्लेट असेंब्लीच्या यादीत बीमांच्या ओळींमध्ये बेमालूम मिसळून जाते.

या कामात सर्व प्लेटींचा असेंब्ली प्रीफिक्स मुद्दाम ‘झेडझेड’ ठेवला. जिथे प्लेट खरोखरच सुटी पाठवायची होती, उदाहरणार्थ बेस प्लेटखालच्या शिम (पातळी साधण्याच्या पातळ पट्ट्या), तिथे मॉडेलरने तो हाताने ‘एलपी’ असा बदलायचा होता. नंबरिंगनंतर असेंब्ली यादीत ‘झेडझेड’ने सुरू होणारी एकही ओळ दिसली तर ती विसरलेल्या वेल्डची असणार, हे चेकरला, म्हणजे काम तपासणाऱ्याला, कुणाला न विचारता कळत असे. मेन पार्ट चुकला असेल तरी हाच सापळा उपयोगी पडतो. मॉडेलरने वेल्ड देताना आधी गसेट आणि मग कॉलम निवडला तर गसेट मेन पार्ट होऊन बसते आणि पूर्ण कॉलमला ‘झेडझेड’ मार्क लागतो. सॉफ्टवेअर यात चूक दाखवत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ती चूक नसतेच.

कनेक्शनमधून आपोआप तयार होणाऱ्या प्लेटींसाठी वेगळी दक्षता घ्यावी लागली. बेस प्लेट, एंड प्लेट, बोल्टेड गसेट यांसारख्या कंपोनंटच्या खिडकीत नंबरचा रकाना रिकामा ठेवला तर ऑप्शन्समधील कंपोनंट विभागात जे ठरवून ठेवले असेल ते लागू होते. हे डीफॉल्ट सर्व मॉडेलरांकडे एकसारखे करून घेतले. अन्यथा हाताने ठेवलेली प्लेट ‘पी’ सिरीजमध्ये आणि तशीच कंपोनंटची प्लेट दुसऱ्याच सिरीजमध्ये, असा घोळ झाला असता.

सारखे म्हणजे किती सारखे

नंबरिंग सेटिंग्जमध्ये कोणत्या गोष्टींची तुलना करायची हे निवडता येते: छिद्रे, पार्टचे नाव, बीमची व कॉलमची दिशा, सरफेस ट्रीटमेंट, वेल्ड वगैरे. क्लास, म्हणजे मॉडेलमध्ये रंगासाठी दिलेला आकडा, नंबरवर काहीही परिणाम करत नाही. नवे मॉडेलर हे सहसा गृहीत धरत नाहीत आणि दोन प्लेटींचे रंग वेगळे असूनही नंबर एकच कसा, असे विचारत राहतात.

पार्टच्या नावाची तुलना बंद ठेवली. चार माणसे मॉडेल करत असताना एक जण ‘गसेट’ लिहितो, दुसरा ‘प्लेट’ लिहितो आणि त्यापायी हुबेहूब तुकड्यांना दोन नंबर पडतात. नावांची एक ठरलेली यादी दिली होती, पण तिच्यावर नंबर अवलंबून ठेवण्याचे कारण नव्हते. वेल्डची तुलना मात्र चालू ठेवली. क्रेन गर्डरवर भार वारंवार येतो आणि जातो, तिथे ६ मिलिमीटर आणि ८ मिलिमीटर फिलेट (कोपऱ्यात भरलेल्या) वेल्डमधला फरक गौण नसतो. वेल्ड वगळून तुलना केली असती तर दोन वेगळ्या गर्डरना एकच मार्क आणि एकच ड्रॉइंग मिळाले असते. मॉडेलमध्ये वेल्डचे माप निष्काळजीपणे भरले तर या सेटिंगमुळे अकारण नंबर वाढतात हे खरे आहे, परंतु ही वर सांगितलेली स्वस्त चूक आहे आणि यादी पाहून ती दुरुस्तही करता येते.

टॉलरन्स, म्हणजे दोन तुकडे सारखे मानताना मापात चालणारा फरक, १ मिलिमीटर हा डीफॉल्टच कायम ठेवला, पण विचार करून ठेवला. राफ्टरचा उतार दहास एक होता. इमारतीची अर्धी रुंदी १० मीटर धरली तर उतारावरची लांबी १०.०४९९ मीटर येते आणि अशा न संपणाऱ्या दशांशांमुळे दोन ठिकाणच्या ‘एकाच’ गसेटमध्ये मिलिमीटरच्या काही दशांशांचा फरक सहज पडतो. टॉलरन्स ०.१ केला तर अशा गसेट वेगवेगळ्या निघू शकतात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर स्टील बांधकामाच्या आयएस ८००:२००७ या भारतीय मानकाप्रमाणे २० मिलिमीटरच्या बोल्टला २२ मिलिमीटरचे छिद्र असते, म्हणजे २ मिलिमीटरची सैल जागा मिळते. त्या जागेपेक्षा मोठा टॉलरन्स ठेवला असता तर बोल्ट न बसणाऱ्या प्लेटीसुद्धा एका नंबराखाली गेल्या असत्या. या दोन टोकांमध्ये १ मिलिमीटर समाधानकारक होता.

कॉलमच्या दिशेची तुलना बंद ठेवण्याचा परिणाम ड्रॉइंगांच्या संख्येवर सर्वांत जास्त झाला. मधल्या सहा फ्रेमचे, म्हणजे फ्रेम ३ ते ८ चे बारा कॉलम आतल्या बाजूला ब्रॅकेट असलेले आहेत. डावीकडचा कॉलम उभ्या अक्षाभोवती १८० अंश फिरवला की तो उजवीकडचा होतो. दिशेची तुलना चालू असती तर यांचे सहा-सहाचे दोन मार्क झाले असते. ती बंद असल्याने बाराही कॉलम १सी१ झाले. ब्रॅकेट नेहमी क्रेनच्या बाजूला येते आणि साइटवरच्या माणसाला ते डोळ्यांनी दिसते, म्हणून इथे धोका नव्हता. मात्र त्यामुळे कॉलमवर ‘उत्तर’ अशी दिशा पंच करण्याची पद्धत या कामात सोडून द्यावी लागली, कारण एकाच मार्कच्या निम्म्या कॉलमवर ती उलटी पडली असती. ज्या इमारतीत कॉलमला दोन्ही बाजूंना जवळपास सारखीच कनेक्शन असतात तिथे हे सेटिंग बंद ठेवणे धाडसाचे ठरेल.

राफ्टरच्या बाबतीत तर मॉडेलरांनाच सॉफ्टवेअरवर संशय आला. ब्रेसिंग फक्त पहिल्या आणि शेवटच्या गाळ्यात (दोन फ्रेममधल्या जागेत) होते, म्हणून फ्रेम २ च्या राफ्टरना फ्रेम १ च्या बाजूला गसेट होत्या आणि फ्रेम ९ च्या राफ्टरना फ्रेम १० च्या बाजूला. नंबरिंग झाल्यावर फ्रेम २ चा डावा राफ्टर आणि फ्रेम ९ चा उजवा राफ्टर या दोघांना २आर३ मिळाला, तर फ्रेम २ चा उजवा आणि फ्रेम ९ चा डावा यांना २आर४. एकाच फ्रेमचे दोन अर्धे वेगळे आणि इमारतीच्या दोन टोकांचे, विरुद्ध बाजूंचे अर्धे सारखे, हे पाहताक्षणी चुकीचे वाटते. पण फ्रेम २ चा डावा राफ्टर उभ्या अक्षाभोवती अर्धा फिरवा. तो उजवा राफ्टर होतो आणि त्याची गसेट आता फ्रेम १० च्या दिशेला येते, म्हणजे तो तंतोतंत फ्रेम ९ चा उजवा राफ्टर असतो. फ्रेम २ चे दोन अर्धे मात्र एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा आहेत आणि कितीही फिरवले तरी आरशातली असेंब्ली मूळ असेंब्ली होत नाही. सपाट, बेव्हल (तिरकी कापलेली कड) नसलेली प्लेट उलटी केली की तिची प्रतिमा मिळते, म्हणून प्लेटींच्या बाबतीत डावे-उजवे असा भेद उरत नाही. असेंब्लीच्या बाबतीत तो उरतो. चेकरने हे चार राफ्टर मॉडेलमध्ये फिरवून पाहिले आणि मगच यादी पुढे सोडली. इरेक्शन ड्रॉइंगवर प्रत्येक राफ्टरचा मार्क तो प्रत्यक्षात ज्या टोकाला पंच केला आहे त्याच टोकाला लिहिण्याची शिस्त इथे फार उपयोगी पडते.

पहिला टप्पा बाहेर गेल्यानंतर

ड्रॉइंग शॉपला गेली की सेटिंगचे स्वरूप बदलते. सर्व काही नव्याने नंबर करण्याचा पर्याय त्या दिवसापासून वर्ज्य मानला, कारण तो आधीच्या नंबरांची सगळी माहिती पुसून टाकतो. रिकामे झालेले जुने नंबर पुन्हा वापरण्याचा पर्यायही बंद ठेवला. समजा पी३१ ही प्लेट डिझाइन बदलल्यामुळे मॉडेलमधून गेली आणि पुढच्या महिन्यात पी३१ हा नंबर एका निराळ्याच प्लेटला मिळाला, तर शॉपच्या बिनमध्ये पडलेली जुनी पी३१ आणि नवे ड्रॉइंग यांची गाठ कधीतरी पडणारच. नंबर वाया गेले तर जाऊ द्यावेत. त्यांना काही किंमत पडत नाही.

बदललेल्या पार्टांसाठीचे सेटिंग हा या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग होता. तीन पर्याय असतात: जुन्यांशी तुलना करा, शक्य असेल तर आहे तो नंबर ठेवा, किंवा नवा नंबर घ्या. कार्यालयाने ‘शक्य असेल तर ठेवा’ हा पर्याय निवडलेला होता आणि त्याचे समर्थन करता येण्याजोगे होते. मार्क स्थिर राहतो, ड्रॉइंग त्या मार्कवर टांगलेले असल्यामुळे तेही टिकते आणि रिव्हिजन काढून बदल कळवता येतो.

मग सल्लागाराने क्रेन ब्रॅकेटच्या पातळीवरचे कॉलममधील स्टिफनर १० मिलिमीटरऐवजी १२ मिलिमीटरचे करायला सांगितले. वीस कॉलम आणि प्रत्येकी दोन स्टिफनर, म्हणजे पी१२ या मार्कच्या चाळीस प्लेटी. मॉडेलमध्ये चाळीसही एकदम बदलल्या. बदल केल्याबरोबर मार्कपुढे प्रश्नचिन्ह दिसू लागले, नंबरिंग चालवले आणि ते नाहीसे झाले. चाळीसच्या चाळीस बदललेल्या असल्यामुळे जुना नंबर ठेवणे सॉफ्टवेअरला शक्य होते आणि त्याने तो ठेवला. आता पी१२ म्हणजे १२ मिलिमीटरची प्लेट होती. फॅब्रिकेटरकडे मात्र १० मिलिमीटरच्या पी१२ कापून, पंच करून बिनमध्ये पडल्या होत्या. नवी कटिंग फाइलही त्याच नावाने गेली असती. फिट-अप करणारा माणूस प्लेटची जाडी मोजत बसत नाही. तो मार्क वाचतो, ड्रॉइंगवरच्या मार्कशी जुळवतो आणि टॅक (तात्पुरता वेल्ड) मारतो.

हे कागदावरच पकडले गेले, ते एका कंटाळवाण्या सवयीमुळे. ड्रॉइंग बाहेर पाठवताना त्या वेळचे मार्क प्रिलिमिनरी नंबर म्हणून मॉडेलमध्ये जतन केले जात आणि मार्क, प्रोफाइल, लांबी व वजन असलेली यादी एक्सेलमध्ये ठेवली जाई. प्रत्येक नव्या नंबरिंगनंतर नवी यादी जुनीशेजारी लावून दोन गोष्टी शोधल्या जात: वस्तू तीच पण मार्क बदलला, आणि मार्क तोच पण वजन बदलले. पी१२ दुसऱ्या प्रकारात सापडली. ९० बाय २८० मिलिमीटरची १० मिलिमीटर जाड प्लेट १.९८ किलो भरते आणि १२ मिलिमीटर जाड २.३७ किलो. फरक किरकोळ आहे, पण यादीत तो लपत नाही.

पहिला विचार साहजिकच असा आला की सेटिंग ‘नवा नंबर घ्या’ असे करावे. तसे केल्यास प्लेटला नवा नंबर मिळतो खरा, पण कॉलमची असेंब्लीही बदललेली असल्यामुळे १सी१ पासूनचे सगळे कॉलम मार्कही नवे होतात. एकही कॉलम अजून फिट-अपला गेला नव्हता. अँकर बोल्टच्या लेआउटपासून इरेक्शन ड्रॉइंगपर्यंत सगळीकडे १सी१ छापलेले होते आणि ते बदलण्यात कुणाचेच हित नव्हते. म्हणजे प्लेटचा नंबर बदलायला हवा होता आणि असेंब्लीचा तसाच राहायला हवा होता, पण सेटिंग दोघांसाठी एकच आहे.

यावरचा मार्ग सेटिंगमध्ये नव्हता, सिरीजमध्ये होता. सिरीज बदलली की नंबर बदलल्यावाचून राहत नाही, मग सेटिंग काहीही असो. म्हणून ‘आरपी’ नावाची एक नवी पार्ट सिरीज उघडली आणि असा नियम केला की कापून झालेल्या कोणत्याही पार्टमध्ये बदल आला तर मॉडेलरने त्याचा पार्ट प्रीफिक्स ‘पी’चा ‘आरपी’ करायचा. ते चाळीस स्टिफनर आरपी१ झाले. कॉलमच्या सिरीजला हात लावला नव्हता आणि एका मार्कचे सर्व कॉलम एकसारखेच बदलले होते, त्यामुळे १सी१ हा १सी१च राहिला. त्याच्या ड्रॉइंगवर फक्त रिव्हिजन आली. बिनमधल्या १० मिलिमीटरच्या पी१२ आपोआप निरुपयोगी ठरल्या, कारण आता कोणत्याही ड्रॉइंगवर तो मार्कच उरला नव्हता. पुढे ‘आरपी’ ही सिरीज फॅब्रिकेटरला आणखी एका कारणाने आवडली: बदलामुळे किती स्टील वाया गेले याची यादी त्याला एका प्रीफिक्सवर गाळून मिळत होती आणि ती थेट बिलाला जोडता येत होती.

यासाठी कोणता पार्ट कापून झाला आहे हे कार्यालयाला माहीत असावे लागते. ती माहिती सॉफ्टवेअर देत नाही, फॅब्रिकेटर देतो, आणि तीही मागितल्यावरच. दर शनिवारी कटिंगची यादी मागवायची हे ठरले आणि बहुतेक वेळा पाळले गेले. ज्या आठवड्यात यादी आली नाही त्या आठवड्यात बदललेला प्रत्येक पार्ट कापलाच आहे असे धरून चालले.

कोणी आणि केव्हा

मल्टी-युजर मॉडेलमध्ये नंबरिंग कोण चालवणार हे ठरवणे सेटिंगइतकेच महत्त्वाचे आहे. मास्टर मॉडेलशी जुळवून घेण्याचा, म्हणजे आधी सेव्ह, मग नंबरिंग, मग पुन्हा सेव्ह असा पर्याय चालू ठेवला आणि नंबरिंगचा अधिकार चेकरकडेच दिला. मॉडेलरांनी प्रश्नचिन्हासकट काम करत राहावे, असे सांगितले होते. सुरुवातीला हे त्यांना अडचणीचे वाटले, कारण ड्रॉइंग उघडताना नंबर ताजे लागतात. पण दुपारी जेवणाच्या सुट्टीपूर्वी आणि संध्याकाळी, अशा दोन ठरलेल्या वेळा दिल्यावर तक्रार राहिली नाही. नंबरिंग शक्यतो निवडलेल्या वस्तूंच्या सिरीजपुरतेच चालवले जाई. मेझनाइनवर काम चालू असताना कॉलमच्या नंबरांना धक्का लावण्याची गरज नसते आणि ज्या सिरीजला हात लागत नाही तिच्यात गोंधळही होत नाही. प्रत्येक टप्पा बाहेर पाठवण्यापूर्वी मॉडेलची पूर्ण प्रत वेगळी ठेवली जाई.

तिसऱ्या टप्प्यात जिन्याचे डिझाइन पूर्ण बदलले. नंबर पुन्हा न वापरण्याच्या नियमामुळे ‘जी’ सिरीजमध्ये मोठे खड्डे पडले आणि यादी पाहणाऱ्याला मधले नंबर कुठे गेले असा प्रश्न पडू लागला. फॅब्रिकेटरच्या स्टोअरकीपरने तो विचारलाही. रद्द झालेल्या मार्कांची स्वतंत्र यादी टप्प्याच्या यादीसोबत दिल्यावर तो विषय मिटला.

एक प्रश्न या कामात जाणूनबुजून बाजूला ठेवला होता. मेन पार्टला असेंब्लीचाच नंबर द्यायचा, असा एक पर्याय सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो वापरला असता तर १सी१ या असेंब्लीतील मूळ सेक्शनचा मार्कही १सी१ झाला असता आणि सॉ मशीनपासून डिस्पॅचपर्यंत एका कॉलमला एकच नाव राहिले असते. पण मूळ सेक्शन हुबेहूब असून फक्त वरच्या प्लेटी वेगळ्या असलेले कॉलम मग कटिंगमध्येही वेगळे मोजावे लागले असते. फॅब्रिकेटरकडे सध्या सेक्शन सॉवर कापले जातात आणि छिद्रे मॅग्नेटिक ड्रिलने पाडली जातात. तिथे एकाच मापाचे सेक्शन एकगठ्ठा कापणे सोयीचे, म्हणून ‘एम’ सिरीज वेगळी राहिली. त्याचा सीएनसी बीम ड्रिल लाइन घेण्याचा विचार आहे. ती आल्यावर प्रत्येक सेक्शन स्वतःच्या फाइलने, एकेक करून मशीनवर जाईल आणि मग हाच निर्णय उलटा घ्यावा लागेल का, याची चर्चा पुढच्या कामाच्या पहिल्या बैठकीसाठी राखून ठेवली आहे.